समूहातील संदेश आणि प्रतिसाद

२८ डिसेंबर १९७८ रोजी संध्याकाळी युनायटेड एअरलाइन्सचे एक डीसी-८ जातीचे विमान अमेरिकेतील डेन्व्हरहून पोर्टलंड शहराकडे येत होते. विमानतळ जवळ आल्यावर चाके खाली सोडण्यात आली, तेव्हा मोठा दणका ऐकू आला. आणि एका बाजूचे चाक खाली येऊन पक्के बसल्याचे दर्शविणारा दिवा लागला नाही. कप्तानाने उतरण्याचा बेत तात्पुरता बाजूस ठेवला. चाकांची स्थिती अजमावण्यात आणि प्रवाशांना संकटकालीन उतरणीसाठी तयार करण्यात सुमारे एक तास गेला. तेवढा वेळ विमान शहराच्या आसमंतात घिरट्या घालीत राहिले आणि टाक्यांतील इंधन ओसरत गेले.

इंधनाच्या काट्यांवर लक्ष ठेवण्याचे काम ज्याच्याकडे होते तो उड्डाण-अभियंता त्याच लहानशा कक्षात, कप्तानाच्या मागे बसलेला होता. आणखी पंधरा मिनिटे हवेत राहिल्यास इंधन फारच कमी होईल, असे त्याने बोलूनही दाखविले. सहवैमानिकानेही इंधन किती उरले अशी पृच्छा केली होती. आकडे सांगितले गेले आणि ऐकलेही गेले. परंतु त्या आकड्यांचा अर्थ काय, हे निकडीच्या स्वरात कोणी म्हटले नाही. अखेर इंजिने एकामागून एक बंद पडली आणि विमान विमानतळापासून काही मैल अलीकडे, घरांच्या व झाडांच्या दाटीत कोसळले. विमानातील १८९ जणांपैकी १० जण मृत्युमुखी पडले. त्यांत तो उड्डाण-अभियंताही होता. टाक्या कोरड्या असल्यामुळे आग लागली नाही, म्हणून इतर वाचले. ज्या चाकांसाठी हा सारा विलंब झाला ती वस्तुतः खाली येऊन पक्की बसलेलीच होती.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७९ साली या अपघाताचा निष्कर्ष नोंदविला. कप्तानाने इंधनाकडे व सहकाऱ्यांच्या सूचनांकडे यथोचित लक्ष दिले नाही, हे मुख्य कारण ठरले. त्याबरोबरच, इतर दोघांना परिस्थितीचे गांभीर्य एक तर पूर्णपणे उमगले नाही किंवा ते कप्तानापर्यंत परिणामकारक रीतीने पोहोचविता आले नाही, असेही मंडळाने म्हटले. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने या अपघातात शिकण्यासारखे फारसे नाही. माहिती होती, ती सांगणारे तोंड होते, ऐकणारे कान होते. आणि तरीही त्या दोहोंमधील थोड्याशा अंतरात ती हरवली. ती कोठे हरवते व का हरवते, हा समूहमानसशास्त्राचा विषय आहे.

एकटा आणि अनेक

दहा माणसे एकत्र आली म्हणजे एका माणसाच्या दसपट काम होते, अशी सर्वसाधारण समजूत असते. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांनी या समजुतीला पहिला धक्का दिला. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ माणसांनी मिळून लावलेला जोर हा त्यांनी एकेकट्याने लावलेल्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरला. या घटीचा काही भाग ओढण्याचा ताल न जुळल्यामुळे होता, आणि काही भाग प्रत्येकाने नकळत आपला हात सैल सोडल्यामुळे होता. पुढील संशोधकांनी ही दोन कारणे वेगवेगळी करून दाखविली. दोराच्या बाबतीत हे ठीकच आहे. दोर थोडा कमी ओढला गेला तरी फार बिघडत नाही. पण जेथे ‘कोणीतरी बोलावे’ एवढेच काम असते तेथे काय होते?

या प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष वळले ते एका हत्येमुळे. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्क शहरात किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा भल्या पहाटे खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो आपापल्या खिडकीतून पाहिला आणि एकानेही पोलिसांना कळविले नाही, असे वृत्त तेव्हा छापून आले व जगभर पसरले. अनेक पाठ्यपुस्तकांत ते आजही तसेच आढळते. परंतु पुढे झालेल्या चिकित्सेत ते टिकले नाही. संपूर्ण प्रकार पाहणारे अडतीस साक्षीदार असल्याचा पुरावा नाही. बहुतेकांनी फार तर आरडाओरडा ऐकला होता, आणि मदत करणारेही होते. चुकीच्या बातमीतून बरोबर प्रश्न निर्माण व्हावा, असा प्रकार विज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून घडतो. त्यांतलाच हा एक होय.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रश्न प्रयोगशाळेत आणला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्याला एका स्वतंत्र खोलीत बसविण्यात आले. ध्वनिवर्धकावरून इतर विद्यार्थ्यांशी चर्चा करावयाची आहे, असे त्याला सांगण्यात आले होते. चर्चा चालू असता त्यांतील एकाला झटका आल्याचे ऐकू येई. तो अडखळत मदत मागे आणि मग त्याचा आवाज बंद पडे. हा आवाज आधी मुद्रित केलेला होता. पण ऐकणाऱ्याला याची कल्पना नव्हती. या चर्चेत आपण व तो रोगी असे दोघेच आहोत, अशी ज्यांची समजूत होती त्यांच्यापैकी शेकडा ८५ जण झटका संपण्यापूर्वीच मदतीसाठी बाहेर धावले. आणखी एक श्रोता आहे असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ६२ वर आले. आणखी चौघे ऐकत आहेत अशी समजूत होती तेथे ते अवघे ३१ राहिले. वेळेतही तसाच फरक पडला. एकटा श्रोता सरासरी ५२ सेकंदांत हालला. चार सहश्रोत्यांच्या कल्पनेने त्याच अवधीचे १६६ सेकंद केले.

जे विद्यार्थी जागेवरून हलले नाहीत ते पाषाणहृदयी होते, असे मात्र मुळीच नव्हे. प्रयोगकर्ते खोलीत गेले तेव्हा त्यांतील अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामाने भिजले होते आणि ‘त्याला बरे आहे ना?’ असे ते विचारीत होते. मदत न करण्याचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता. त्यांना कोणताच निर्णय घेता आला नव्हता. पाण्यात टाकलेला रंग जसा सर्वत्र पसरून फिका होतो, तशी जबाबदारी अनेकांत पसरून फिकी होते. संशोधकांनी या घटनेला भौतिकशास्त्रातून घेतलेले ‘विसरण’ हेच नाव दिले: जबाबदारीचे विसरण.

कचेरीत काम करणाऱ्याला याचा पडताळा पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. ‘सर्व संबंधितांस’ असा मायना घालून काढलेले परिपत्रक आठवावे. ते पंधरा टेबलांवर फिरते, त्यावर पंधरा आद्याक्षरे उमटतात आणि त्यात मागितलेली माहिती मात्र एकाकडूनही येत नाही. पंधराही जण आळशी असतात म्हणून हे घडत नाही. ‘संबंधित’ तो आपल्याखेरीज दुसरा कोणीतरी, असे प्रत्येकाने प्रामाणिकपणे मानलेले असते. तेच पत्र एका व्यक्तीच्या नावाने, उत्तराची तारीख घालून गेले तर उत्तर येण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

धुराने भरलेली खोली

विसरणाच्या जोडीला आणखी एक क्रिया चालू असते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. लाताने व डार्ली यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात विद्यार्थी एका खोलीत प्रश्नावली भरीत असता भिंतीतील फटीतून धूर येऊ लागे. एकटा असलेल्यांपैकी शेकडा ७५ जणांनी बाहेर जाऊन वर्दी दिली. परंतु शेजारी दोन माणसे, संशोधकांनी आधीच पढविलेली, धुराकडे एकवार पाहून पुन्हा मान खाली घालून लिहीत बसली, तेव्हा दहांपैकी केवळ एकाने वर्दी दिली. उरलेले नऊ जण खोकत, डोळे चोळीत, हाताने धूर बाजूला सारीत लिहीत राहिले. नंतर विचारले असता कोणी म्हणाला, ती वाफ असावी. कोणी म्हणाला, वातानुकूलन यंत्राचा दोष असावा. आग लागली असेल असे त्यांतील कोणालाही वाटले नव्हते.

येथे भीती लपविली गेली नाही; अर्थच बदलला गेला. संदिग्ध प्रसंगी मनुष्य इतरांच्या चेहऱ्यावरून प्रसंगाचा अर्थ लावतो. इतर शांत दिसतात, म्हणून काही विशेष नसावे असे त्याला वाटते. पण इतरही त्याच्याचकडे पाहून शांत राहिलेले असतात. प्रत्येकजण मनात साशंक, बाहेरून निर्धास्त. आणि प्रत्येकाला दुसऱ्याची निर्धास्तता खरी वाटते. सभेत ‘कोणाला काही शंका?’ असा प्रश्न अध्यक्ष विचारतात आणि सभा स्तब्ध राहते, तेव्हा सर्वांना सर्व समजले आहे असा अर्थ घेणे किती धोक्याचे असते, हे यावरून ध्यानात येईल.

शंका पक्की असली तरी ती बोलून दाखविणे हे पुन्हा वेगळेच. सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून प्रसिद्ध केलेले रेषांचे प्रयोग विख्यात आहेत. तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याच्या रेषेइतकी लांब आहे एवढेच सांगावयाचे होते. उत्तर डोळ्यांना सरळ दिसत होते. तथापि आधीच्या सर्वांनी संगनमताने चुकीचे उत्तर दिले असता, अशा प्रसंगांतील सुमारे एकतृतीयांश उत्तरे प्रयोगाधीन व्यक्तींनी बहुमताप्रमाणे चुकीची दिली. या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि तो अधिक उपयोगाचा आहे. त्या समूहात एकच मनुष्य खरे उत्तर देणारा निघाला, की चुकीच्या उत्तरांचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्शावर येई. बहुमत मोडावे लागत नाही. त्याचे एकमत मोडले तरी पुरते.

संदेशाच्या वाटा

आतापर्यंत माणसांच्या मनाचा विचार झाला. पण संदेश कोणत्या वाटेने फिरतो यावरही बरेच अवलंबून असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ॲलेक्स बाव्हेलास व त्यांचे विद्यार्थी हॅरल्ड लेव्हिट यांनी याचा अभ्यास केला. लेव्हिट यांचा शोधनिबंध १९५१ चा आहे. पाच माणसे एका गोल मेजाभोवती, मध्ये पडदे घालून बसविण्यात आली. प्रत्येकाच्या हाती काही चिन्हे असलेले एक कार्ड असे, आणि सर्वांच्या कार्डांवर समान असलेले चिन्ह त्यांनी चिठ्ठ्या पाठवून शोधावयाचे असे. चिठ्ठ्या कोणी कोणास पाठवाव्या हे पडद्यांतील फटींनी ठरत असे. एका रचनेत चौघे फक्त मधल्या एकाशीच बोलू शकत. ही चाकाची रचना. दुसरीत प्रत्येकाला डावीकडचा व उजवीकडचा शेजारी मोकळा असे, ही वर्तुळाची.

चाकाच्या रचनेत काम लवकर उरके व चिठ्ठ्याही कमी लागत. वर्तुळात चिठ्ठ्यांचा पाऊस पडे आणि चुका अधिक होत. एवढ्यावरून निर्णय करावयाचा तर सर्व सूत्रे एका हाती असणे श्रेयस्कर, असे कोणीही म्हणेल. परंतु काम कसे वाटले असे विचारता वर्तुळातील माणसे समाधानी निघाली. चाकामध्ये संतुष्ट होता तो केवळ मधला मनुष्य. कडेचे चौघे कंटाळलेले होते. नंतरच्या प्रयोगांत चिन्हांऐवजी अशा रंगीत गोट्या देण्यात आल्या की ज्यांच्या रंगाला निश्चित नाव देणे कठीण होते. तेव्हा वर्तुळातल्या गटांनी नावांचा घोळ आपसांत निस्तरला. चाकाचे गट अधिक काळ अडखळत राहिले. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर मधल्या माणसावर चिठ्ठ्यांचा इतका भार पडतो की चाकाची गतीच त्याला बाधते, असे इतर संशोधकांनाही आढळले. ठरीव कामास चाक, अनपेक्षित अडचणीस वर्तुळ, असा ढोबळ नियम यातून काढता येतो. मात्र ज्या कार्यालयात ठरीव काम चालते तेथेच एके दिवशी अनपेक्षित अडचण येत असते, हे विसरून चालणार नाही.

पडद्यातील फटी प्रयोगकर्त्याने पाडलेल्या होत्या. कारखान्यात अशा फटी कामगार स्वतःच पाडतात आणि स्वतःच बुजवितात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९३१-३२ साली तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांच्या एका तुकडीचे कित्येक महिने निरीक्षण करण्यात आले. अधिक काम केल्यास अधिक वेतन मिळत असूनही त्यांनी आपसांत दिवसाच्या कामाचा एक मोघम आकडा ठरवून टाकला होता. त्याच्या पुढे जाणाऱ्याच्या दंडावर इतर जण ठोसा मारीत. सोबत्याला बाधेल अशी कोणतीही गोष्ट वरिष्ठांच्या कानी घालावयाची नाही, हा त्यांचा एक पक्का नियम होता. कारखान्याच्या वहीत या नियमाची नोंद नव्हती. पण वहीतले आकडे त्यानेच ठरत होते.

अहमदाबादचे मागखाते

या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग भारतात झाला आहे, आणि तो आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस हे १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. गौतम साराभाई हे तेव्हा त्या कंपनीचे प्रमुख होते. गिरणीत नवे स्वयंचलित माग बसविण्यात आले होते. परंतु त्यांपासून अपेक्षेइतके उत्पादन निघत नव्हते आणि कापडातील दोषही कमी होत नव्हते. यंत्रे ठीक होती, कामगार कसबी होते, हवेतील आर्द्रता राखण्याची व्यवस्था होती. मग उणे काय होते?

एका पाळीत २२४ माग आणि २९ कामगार असत. या २९ जणांची कामे बारा प्रकारांत वाटलेली होती. आठ विणकर होते. मागाला बाण्याच्या सुताच्या कांड्या पुरविणारे पाच होते. ताण्याचे अनेक धागे एकदम तुटले तर ते सांधणारे तीन होते. शिवाय जॉबर व त्यांचे मदतनीस, कापड वाहून नेणारे, तेल घालणारा, झाडणारा, असे इतर होते. मुंबईच्या साचेखात्यात ज्यांची हयात गेली त्यांना ही नामावळी परिचित वाटेल. नव्या यंत्रांसाठी केलेली ही वाटणी कागदावर निर्दोष होती. प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजून, त्या प्रमाणात माणसे नेमलेली होती.

राइस यांनी एक साधा हिशेब मांडून पाहिला. विणकर आठ आणि कांड्या पुरविणारे पाच. म्हणजे एका विणकराच्या वाट्याला कांड्या पुरविणारा पाच-अष्टमांश मनुष्य येत होता, आणि धागे सांधणारा तीन-अष्टमांश! विणकराकडे सुमारे २८ माग होते, कांड्या पुरविणाऱ्याकडे सुमारे ४५ आणि सांधणाऱ्याकडे सुमारे ७५. कोणाच्याही मागांच्या सीमा दुसऱ्याच्या सीमेशी जुळत नव्हत्या. विणकराने मदतीची हाक दिली तर ती ऐकणारा मनुष्य त्याच वेळी आणखी एकदोन विणकरांच्या हाकेला बांधलेला असे. आधी कोणाकडे जावे हे ठरविण्याला आधार नव्हता. कोणीच कोणाचा सोबती नव्हता, आणि म्हणून कोणाच्या हाकेला कोणी ओ द्यावी हे नक्की नव्हते. वर उल्लेखिलेले विसरण या मागांच्या खडखडाटात चोवीस तास चालू होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

उपाय असा सुचविण्यात आला की, खात्याचे लहान लहान गट पाडावे. प्रत्येक गटाकडे मागांचा एक सलग जथा असावा, आणि त्या मागांवरील विणणे, कांड्या पुरविणे, सांधणे ही सर्व कामे सुमारे सात जणांच्या त्या गटाने आपसांत वाटून घ्यावी. ही कल्पना पर्यवेक्षकांपुढे व कामगारांपुढे मांडताच ती त्यांनी आपलीच असल्यासारखी उचलली. गटात कोण असावे हे कामगारांनी परस्परांच्या पसंतीने ठरविले. तज्ज्ञाने आखलेला तक्ता भिंतीवर लावण्याची वेळच आली नाही. प्रारंभीचे चढउतार संपल्यावर मागांची कार्यक्षमता शेकडा सुमारे ८० वरून ९५ पर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ वरून २० पर्यंत उतरले. माग तेच, गिरणीही तीच. पण आता हाक मारणाऱ्याला आपण कोणाला हाक मारतो हे ठाऊक होते आणि ऐकणाऱ्याला ती आपल्यालाच आहे हेही.

या प्रयोगाचे फार कौतुक झाले, आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले. गटरचनेबरोबर वेतनाची पद्धतीही बदलली होती. तेव्हा वाढलेल्या उत्पादनाचे किती श्रेय गटाला द्यावे हे काटेकोर सांगता येत नाही, असे काही अभ्यासकांनी दाखविले. तो आक्षेप रास्त आहे. चालू कारखाना ही प्रयोगशाळा नव्हे, तेथे एकावेळी एकच गोष्ट बदलता येत नाही. पुढे एरिक मिलर यांनी केलेल्या पाहणीचे वृत्त १९७५ साली प्रसिद्ध झाले. गटपद्धती काही ठिकाणी दीर्घकाळ टिकली, तर काही ठिकाणी बाजारपेठेच्या व कामाच्या दडपणाखाली जुनी वाटणी हळूहळू परतली, असे त्यांना आढळले.

बोलण्याची भाषा

विमानाच्या कक्षात तीनच माणसे होती आणि प्रत्येकाचे काम नेमलेले होते. तेथे अहमदाबादसारखा सीमांचा घोटाळा नव्हता. तेथे आडवी आली ती पायरी. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथे धुक्यामध्ये दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या विमानातील अभियंत्याने, समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले नाही काय, असे विचारले होते. कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ अशा कप्तानाने ‘झाले की’ असे ठासून उत्तर दिले, आणि अभियंता पुन्हा बोलला नाही.

भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंड यांनी अशा कक्षांतील मुद्रित संभाषणांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध केला. कनिष्ठ मनुष्य वरिष्ठाशी बोलताना आपली सूचना अधिक मवाळ करतो. आणि सूचना जितकी मवाळ तितकी ती हवेत विरण्याची शक्यता अधिक, असे त्यांत दिसून आले. इंग्रजीत हे घडत असेल, तर जेथे क्रियापदापासून सर्वनामापर्यंत आदराची स्वतंत्र रूपे आहेत अशा आपल्या भाषांत याची किती शक्यता असेल! ‘साहेब, इंधनाकडे एकदा नजर टाकता का?’ हे वाक्य नम्र आहे, पण त्यात धोका कोठेच नाही. ‘साहेब, इंधन दहाच मिनिटांचे आहे, आता उतरावे लागेल’ हेही वाक्य तितकेच आदराचे आहे आणि त्यात वस्तुस्थिती, मुदत व कृती ही तिन्ही आहेत. आदर सोडावा लागत नाही. सोडावी लागते ती आडवळणे.

पोर्टलंडच्या अपघातानंतर नासा या संस्थेने जून १९७९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे एक परिषद बोलावली आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना नव्या प्रकारचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी, उत्तर न मिळाल्यास पुन्हा मांडावी. आणि वरिष्ठाने ती मागून घ्यावी, हे त्याचे सार होते. पुढे ही पद्धती जगभरच्या विमान कंपन्यांनी स्वीकारली.

शस्त्रक्रियागृहातही तीच पायरी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी प्रसृत केली. छेद घेण्यापूर्वी उपस्थित सर्वांनी आपले नाव व काम मोठ्याने सांगावे, असे तिच्यात एक कलम आहे. एकदा तोंड उघडलेला मनुष्य पुढे संकटसमयी अधिक सहजपणे बोलतो, ही त्यामागील कल्पना. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मात्र १०१ रुग्णालयांना यादी लागू करूनही लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१४ च्या पाहणीत दिसले. यादी वाचली जाणे आणि यादीवर केवळ खुणा केल्या जाणे यांत अंतर असते, असा याचा अर्थ अनेकांनी लावला आहे.

रुग्णालयांतूनच आलेले आणखी एक निरीक्षण व्यवस्थापकांना बुचकळ्यात टाकणारे आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगल्या नेतृत्वाखालील परिचारिका-गटांत चुका कमी निघतील अशी तिची अपेक्षा होती; प्रत्यक्षात त्यांच्या नावे नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. शोध घेता असे दिसले की, त्या गटांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर अधिक सांगितल्या जात होत्या. जेथे चूक कबूल करणाऱ्याला शिक्षेची धास्ती होती, तेथील नोंदवही स्वच्छ होती. वरिष्ठ अधिकारी स्वच्छ नोंदवहीवर समाधानाने सही करीत असेल, तर तो कशावर सही करीत आहे हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्याच एका डीसी-१० विमानाचे शेपटाकडील इंजिन हवेत फुटले आणि विमानाचे सुकाणू फिरविणारी द्रवदाबाची सर्व यंत्रणा निकामी झाली. अशा प्रसंगासाठी कोणतेही पुस्तक लिहिलेले नव्हते. प्रवाशांत कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक होता. त्याने मदत देऊ केली आणि कप्तानाने त्याला तत्काळ कक्षात बोलावून उरलेल्या दोन इंजिनांच्या दांड्या त्याच्या हाती दिल्या. चौघेजण सुमारे ४४ मिनिटे एकमेकांना विचारीत, सुचवीत, दुरुस्त करीत ते विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत घेऊन आले. ते टेकताच मोडले व पेटले. विमानात २९६ जण होते. त्यांपैकी १८४ जण वाचले. आपल्याला जे उड्डाणाचे ज्ञान नव्हते ते त्या कक्षातील इतर कोणाला असेल, म्हणून विचारीत राहिलो, असे कप्तानाने पुढे आपल्या व्याख्यानांतून सांगितले आणि त्याचे श्रेय १९८१ नंतरच्या त्या शिक्षणाला दिले.